पाटीवरची पोथी

१२ जुलै, शनि.
आज पाण्याचा दिवस. टाकी भरेपर्यंत जिन्यात उभा होतो, तेवढ्यात कुरिअरवाला आला. मेधाने पुण्याहून तिचं जुनं ई-रीडर धाडलंय. स्वस्तातलं, बोटानं चालणारं, वहीपेक्षा लहान. फोनवर लेकीचा हुकूम: वापरून बघा आणि फायदे-तोटे कळवा, म्हणजे सासऱ्यांना असलंच नवं घ्यायचं का ते ठरवते. म्हणजे रिटायर झाल्यावर परत नेमणूक. बिनपगारी.

काळी चौकट, मधे राखाडी काच, चौकटीपेक्षा जराशी खोल. पहिलीतली दगडी पाटी आठवली. आजपासून हिचं नाव पाटी.

फा.— हलकी. उताणं पडून वाचताना नाकावर पडली तरी फारसं लागत नाही. (पडली.)
तो.— स्वतःचा दिवा नाही. संध्याकाळ झाली की मुकी.

मंदाने लांबूनच बघितलं. "मोबाईल कमी पडत होता व्हय?" म्हणाली आणि शेंगा भाजायला गेली.

१५ जुलै, मंगळ.
एक रहस्यकथा निम्मी झाली. डोळे दुखत नाहीत, चकाकत नाही. कागदासारखंच.

तो.— बोट लागलं की पान उलटतं, हे ठीक. पण कोपर, उशीचा कोपरा, बनियनची बाही, काहीही लागलं तरी उलटतं. दुपारी चहाच्या वासानं आलेली माशी काचेवर बसली आणि पान पुढं. खून कुणी केला ते मला माशीनं सांगितलं असतं, थोडक्यात वाचलो.

मंदाला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ जुलै, गुरु.
मंदाची पोथी गुरुपौर्णिमेपासून सुरू आहे. दर चातुर्मासाला असते. गुरुवारी दिवेलागणीला एक अध्याय. ऐकायला खालच्या मजल्यावरच्या निलाक्का आणि बिल्डिंगमधल्या चारदोन बायका. मी आतल्या खोलीत. देवाचं आणि माझं फारसं बोलणं नाही, भांडणही नाही.

आज अध्याय ऐन रंगात आला आणि लाईट गेली. आभाळ भरलेलं, खिडक्या लावलेल्या, बाहेरच्या खोलीत काळोख. समई असते, पण तिच्या उजेडात माणसाचं तोंड दिसायची मारामार. मी बॅटरी शोधायला उठलो.

वाचन थांबलंच नव्हतं. एकही ओवी अडखळली नाही. लाईट परत आली तेव्हा ती तिसरं पान उलटत होती, अगदी नेमानं.

बायकांना काही वाटलं नाही. मी बॅटरी हातात धरून दारात उभा.

१८ जुलै, शुक्र.
सकाळी चहाला विचारलं. आधी म्हणाली, समई होती की. मग म्हणाली, माझे डोळे तुमच्यापेक्षा चांगले हायत. मग कप बशीत ठेवून सांगितलं.

उन्हाळ्यापासून असं होतंय. अक्षराकडं बघितलं की तेच अक्षर जातं, बाजूचं दिसत राहतं. बाजूच्याकडं बघितलं की ते जातं. पोथी पाठ आहे म्हणून निभतंय.

मी म्हटलं, मग काय बिघडलं, पाठ आहे तर म्हण.

"म्हणणं म्हणजे वाचणं न्हाय," ती म्हणाली. "बायका वाचन ऐकायला येत्यात. मी पानं उलटत बसते. फसवतेय की ओ मी त्यांना. देवालाबी."

पुढच्या गुरुवारपासून बंद करते म्हणाली. आमचं लग्न झालं तेव्हा श्रीपूरच्या कारखाना वसाहतीतून ही पोथी तिने पत्र्याच्या ट्रंकेतून आणली. तेव्हापासून एक चातुर्मास चुकलेला नाही.

मला राग आला. डोळ्यांचा नाही, तिचा. उन्हाळ्यापासून माहीत होतं आणि मला सांगितलं नाही. मग माझाच आला. शेजारी बसून मला दिसलं नाही, तर डोळे कुणाचे गेले म्हणायचे.

२१ जुलै, सोम.
डोळ्यांचे डॉक्टर. तरुण आहेत, पण नीट बोलतात, दोघांनाही समोर बसवून. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला, तो येत नाही. डाव्याला सुरुवात झालीय. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचं बघू. किती टिकेल सांगता येत नाही. वाचायला मोठं अक्षर द्या.

मंदाने फक्त एवढंच विचारलं की वाचल्यानं डोळा जास्त जातो का. नाही म्हणाले.

रिक्षात मला काही सुचेना. ती मात्र रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटली. चादरीचं दुकान, टॉवेलचं दुकान, दातांचा दवाखाना, कडक भाकरी मिळेल. जुळे सोलापूर येईपर्यंत सगळ्या मोठ्याने. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी प्रत्येक पाटी तपासत होतो. सगळ्या बरोबर.

मोठं अक्षर तिला अजून येतं.

२२ जुलै, मंगळ.
पाटीत अक्षर मोठं करायची सोय आहे. एक एक पायरी चढत जाते. आधी का सुचलं नाही.

मंदाची पोथी कुणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकलीय, ती उतरवून घेतली. काही उपयोग नाही. फोटोतली अक्षरं मोठी केली की निम्मी ओळ काचेबाहेर जाते, बोटानं ओढत बसा. ओढताना पान उलटतं. मेधाला फोन केला. म्हणाली, बाबा, फोटो नको, मजकूर टाईप केलेला लागतो.

टाईप केलेला लागतो म्हणे. जन्मभर कचेरीत दुसरं काय केलं.

लॅपटॉप काढून तिसरा अध्याय घेतला. बोटं जड झालीत, पण कळफलक विसरलेली नाहीत. साहेब लोकांची एवढी पत्रं टाईप केली, त्यातलं एकही पुढच्या ओळीत काय येतंय या उत्सुकतेनं केलं नव्हतं.

पोथीला शिवायच्या आधी मंदाने हात धुऊन यायला लावलं.

२४ जुलै, गुरु.
झालं. वाचलं तिने.

आधी थोडा गोंधळ. पाटीचं कव्हर चामड्याचं, ते देवापुढं कसं चालेल. काढलं. खणाच्या तुकड्यात पाटी गुंडाळून पाटावर ठेवली. मी मुद्दाम विचारलं, यंत्रातली पोथी चालते का. तर म्हणाली, छापखान्यातले लोक काय सोवळं नेसून छापत होते?

दिवा नाही म्हणून टेबललॅम्प तिच्या खांद्यामागं लावला. अक्षर चांगलं मोठं केलं. दुसऱ्या ओवीला अडखळली. इतकी वर्षं ऐकतोय, पोथी वाचताना ती कधी अडखळलेली मी ऐकली नाही. अडखळली, थांबली, परत मागं येऊन नीट वाचली. म्हणजे खरंच वाचत होती.

मी आत होतो. रडलो. इथं लिहायला काय हरकत आहे.

३१ जुलै, गुरु.
आजचा दिवस वाईट.

श्रावणातला गुरुवार म्हणून मंदाने साग्रसंगीत पूजा केली. वाचन सुरू झालं आणि थोड्या वेळात पाटी वेड्यासारखी करायला लागली. कुणी हात लावलेला नाही आणि पान पुढं. परत मागं आणलं की परत पुढं. एकदा तर सलग कितीतरी पानं पळाली. निलाक्का हात जोडून म्हणाल्या, अय्यो, देवच उलटतोय बघा. बाकीच्या बायकांनीही हात जोडले.

अध्याय मधे सोडून उठायचं नसतं. मंदा उठली नाही. डोळे मिटले आणि राहिलेला अध्याय तोंडपाठ म्हणून पुरा केला. आरती केली, साखरफुटाणे वाटले, बायकांना दारापर्यंत पोचवलं.

मग पाटावर तशीच बसून राहिली. तिला वाटलं पाटी ठीक आहे, आपला डावा डोळाच गेला. समोरचं पळायला लागलंय असं दिसतंय, निलाक्का काय, मला सांभाळून घ्यायला देवाचं नाव घेतात, म्हणाली.

"अगं, मलाही पळताना दिसलं," मी म्हटलं.

"माझ्यासाठी खोटं बोलू नका," म्हणाली.

जेवली नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी खिडकीच्या उजेडात पाटी धरली. काच चौकटीहून जरा खोल आहे ना, त्या कडेच्या खाचेत कुंकू. हळदीचे कण. आणि कोपऱ्यात एक अक्षत, घट्ट बसलेली. आमच्या बाईंनी काचेवर हळदकुंकू वाहून वर अक्षता टाकल्या होत्या. मेधाने फोनवर सांगितलं, या जुन्या पाटीत काचेच्या कडेनं न दिसणारे किरण फिरतात, त्यांच्या वाटेत काही आलं की पाटीला ते बोट वाटतं. म्हणजे रात्रभर तांदळाचा दाणा पोथी वाचत होता.

मंदाला उठवून आणलं, तिच्या बोटाला ती अक्षत लावली. बराच वेळ बोटावर धरून बसली. मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी नुसत्या हसण्याचं का, ते मी विचारलं नाही.

दाढीच्या ब्रशनं खाचा साफ केल्या. पाटी शहाणी झाली.

तो.— (मेधासाठी) पूजा सोसत नाही. तुझ्या सासऱ्यांना सांग.

७ ऑगस्ट, गुरु.
नवा तंटा. पूजा केल्याशिवाय ती पोथी उघडणार नाही, आणि पूजा केली की पाटी बिघडणार. दोन दिवस याच्यावर खल चालला होता. मी सुचवलं की मूळ पोथीची पूजा कर आणि पाटीवर वाच. तिला पटेना. जी वाचायची तिची पूजा नको का.

संध्याकाळी मला हाक मारली, बसा म्हणाली. बायका आलेल्याच होत्या. कपाळाला कुंकू लावलं, दोन्ही हातांच्या बोटांना हळदकुंकू, डोक्यावर अक्षता.

"हे काय?" मी.

"पोथी तुमच्या हातानं लिवलीय. मग पूजा हातांची," ती म्हणाली. "तुमी बिघडला तर बघू."

निलाक्कांना लई आवडलं. मी आत येऊन आरशात बघितलं. बिनदेवाचा माणूस, केसांत तांदूळ.

१३ ऑगस्ट, बुध.
मी तिच्यापुढं एकच अध्याय असतो. रविवार ते बुधवार टाईप. मान दुखते. पण आजच्या अध्यायात एक गरीब बाई आहे, तिचं पुढं काय होतं हे कळायला मी जेवण थांबवलं. तीच पोथी, इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली. तेव्हा नुसता आवाज ऐकत होतो.

२१ ऑगस्ट, गुरु.
पकडला गेलो. पंगतीचं मोठं वर्णन होतं. भाज्या, कोशिंबिरी, पुरणपोळ्या, काही संपेना. मान भरून आलेली. म्हटलं चार ओव्या गाळल्या तर कुणाचं पोट रिकामं राहणार आहे.

वाचता वाचता मंदा थांबली. काचेवरून मान वर केली, आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "वांग्याची भाजी कुटं गेली?"

बायका फिदीफिदी. गाळलेल्या ओव्या तिने तोंडानं म्हटल्या, मगच पुढं गेली. आज रात्री जेवायला मुद्दाम वांगं केलं होतं.

११ सप्टें., गुरु.
मेधाचा परत फोन, अहवाल कुठाय. सांगितलं ते असं. चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं. उन्हात गच्चीवर नेली तरी दिसते. किंमत कमी म्हणून जपायचं ओझं नाही. उलट, काही जोडाक्षरं फुटतात, आणि पान उलटताना क्षणभर सगळं काळं होऊन मग अक्षरं येतात, त्याचा मला वैताग.

मंदाने फोन घेतला. म्हणाली, त्यो तोटा न्हाय. काळं होतं तेवढ्यात डोळ्याला उसंत मिळती, मग नवी अक्षरं ताजी दिसत्यात.

मेधा म्हणाली, आई, त्यापेक्षा मोबाईलवर लावून ऐक की, कुणीतरी छान वाचलेलं असेल. मंदाने फोन माझ्या हातात दिला आणि कणीक मळायला गेली. पोर वाईट बोलली नाही. पण मला बरं वाटलं नाही.

आज अक्षर एक पायरी वाढवलं. तिने सांगितलं नाही, मीच वाढवलं. तिने विचारलं नाही.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. विळी, स्क्रू-ड्रायव्हर, माझी स्कूटर, आणि यंदा लॅपटॉप. त्यात पाटी बघून मी आडवा आलो. तिची तयारी होती. पाटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारली आणि पिशवीवर हळदकुंकू, झेंडू. म्हणाली, आता कुटनं शिरतंय बघू.

इंजेक्शन परवा झालं. डोळा लाल आहे. उद्या दसरा आणि गुरुवार, वाचणार म्हणते.

१६ ऑक्टो., गुरु.
अक्षर शेवटच्या पायरीवर. याच्या वर पाटी जात नाही. मी बटण दाबून बघितलं, परत दाबून बघितलं.

एका पानावर एकच ओवी बसते, तीही दाटीवाटीनं. वाचायची, बोट लावायचं, काळं होतं, पुढची. अध्याय पूर्वी आरतीच्या वेळेपर्यंत आटपायचा, आज कितीतरी लांबला. वरच्या मजल्यावरची नवी सून मोबाईलमधे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, काकू, रेकॉर्डिंग लावू का, तुम्हाला त्रास नको. निलाक्का एरवी भांडत नाहीत. आज म्हणाल्या, तुला घाई असेल तर तू जा बाई, आमच्या घरी भाकरी झाल्यात.

सून बसली. शेवटपर्यंत.

रात्री मंदा म्हणाली, पुढच्या पायरीला काय करायचं. मी म्हटलं, बघू.

३० ऑक्टो., गुरु.
शेवटचा अध्याय. पुरा झाला. तिने वाचला, डोळ्यांनी. डावा डोळा बारीक करून, मान जरा वाकडी ठेवून, कडेनं बघत. कडेनं बघायचं तिने स्वतःच शोधून काढलंय, डॉक्टरही वा म्हणाले होते.

शेवटची ओवी दोनदा वाचली. बायकांनी तिच्या पाया पडून घेतलं. निलाक्का पाटीच्याही पाया पडल्या, लांबून, हात न लावता.

माझ्या बोटांना कुंकू लावताना आज तिने हात सोडले नाहीत. बायका होत्या, मला लाजल्यासारखं झालं. मीही सोडवून घेतले नाहीत.

४ नोव्हें., मंगळ.
डॉक्टर. डावा आहे तसा आहे. आणखी बिघडला नाही, सुधारला नाही. पुढं? ते म्हणाले, एकेक महिना बघू.

येताना रिक्षात मी वाट बघत होतो. तिने दुकानांच्या पाट्या वाचल्या नाहीत. डोळे मिटून बसली होती. मला भीती वाटली. घरी आल्यावर कळलं की तिला झोप लागली होती.

६ नोव्हें., गुरु.
पोथी नाही. संध्याकाळी घर कसंतरीच वाटलं. समई लावून ती रिकाम्या पाटासमोर बसली, मी उगाच लॅपटॉप उघडून बसलो. मानेला आराम आहे. नको आहे तो.

मेधाचा फोन. काय ठरलं, सासऱ्यांना घेऊ का? मी म्हटलं, घे, पण दिवा असलेलं घे. आणि आईला? मोठ्या काचेचं बघू का? मंदाला विचारलं. नको म्हणाली, मला हिची सवय झालीय.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, सगळ्यात मोठी पोथी कुटली?"

मी म्हटलं, कशाला?

"सुरू केलेली पोथी मधे सुटत न्हाय," ती म्हणाली. "मला आजवर कधी सुटली न्हाय. डोळ्यांनाबी म्हाईत हाय ते."

मी उठलो, पायात चपला घातल्या, स्कूटर काढली.

१२ नोव्हें., बुध.
गेल्या गुरुवारीच देवळामागच्या दुकानात सगळ्यात जाड होती ती आणली. दुकानदार म्हणाला, ही कुणी घरी पुरी वाचत नाही हो, लोक भेट म्हणून नेतात. म्हटलं, बांधा. पिशवीत बसेना, पायाशी ठेवून आणली.

मंदाला ही पाठ नाही. एक ओळही नाही. म्हणजे यावेळी जे वाचेल ते सगळं डोळ्यांनी, आणि जिथं अडेल तिथं मदतीला काही नाही. मी सांगितलं तिला. म्हणाली, तेच पायजे होतं. मी गाळलं तरी आता तिला कळणार नाही. एकही ओवी गाळणार नाही.

उद्या पहिला अध्याय. निलाक्कांना निरोप गेलाय, वरच्या सुनेने आपणहून विचारलं किती वाजता. अक्षर शेवटच्या पायरीवरच आहे.

पोथी जाड, गुरुवार आठवड्यातून एक. मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

टाईप करायच्या आधी हल्ली मी अंघोळ करून बसतो. तिने सांगितलेलं नाही. मीही तिला सांगितलेलं नाही. आज निम्म्या अध्यायावर मान भरून आली, पण अध्याय मधे सोडून उठायचं नसतं. उठलो नाही.